चालता चालता पाय का थांबतो?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यस्थळावर माणसांची वर्दळ वाढते. कोणी ऊसतोडीची तारीख विचारायला येतो, कोणी बिलाची चौकशी करायला, तर कोणी नुसताच गाठीभेटी घ्यायला. दोन हंगामांपूर्वी अशाच वर्दळीत एक गोष्ट आमच्या नजरेस पडली. तिचा अर्थ त्या वेळी आम्हाला कळला नाही. तो कळेपर्यंत उशीर झाला होता.

आमच्या गटातले एक जुने सभासद आहेत. वय पासष्टीच्या पुढे. नाव छापणे त्यांना आवडणार नाही. गावात लहानथोर त्यांना आबा म्हणतात, आपणही आबाच म्हणू. आबा गेटवर एस.टी.तून उतरले की शेती खात्याच्या ऑफिसकडे चालत निघायचे. वजनकाट्याजवळच्या कडुलिंबाखाली थांबायचे, दोन मिनिटे कोणाशी तरी बोलायचे, पुन्हा निघायचे. मग कॅंटीनच्या कठड्यापाशी पुन्हा थांबायचे. आम्हाला वाटायचे, आबांना माणसांची भारी आवड. पण पुढे पुढे ध्यानात आले, की बोलायला कोणी असो वा नसो, आबा थांबतात ते त्याच दोन ठिकाणी.

एकदा विचारले, "आबा, दम लागतो का हो?"

"दम न्हाई ओ. ही पोटरी आवळून येती. जरा उभं राहिलं की सुटती. वय झालं, दुसरं काय!"

"वात असेल आबा. थंडीचं होतं असं. तेल कोमट करून चोळा."

हा सल्ला देणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल करतो. हा लेख त्या चुकीची थोडीफार भरपाई म्हणून लिहीत आहोत.

त्याच हंगामात, ऊस तुटून गेलेल्या खोडव्यात पाचट पसरताना आबांच्या बोटाला बुडख्याचे टोक लागले. जखम हरभऱ्याच्या दाण्याएवढी. शेतकऱ्याच्या पायाला असे रोजच काही ना काही लागते, त्याचे कोण काय करतो? घरच्यांनी हळद भरली. आठ दिवसांत बरी झाली नाही, तेव्हा कोणी बिब्बा लावायला सांगितले, कोणी गरम पाण्याचा शेक. सुनबाई दवाखान्यात चला म्हणून मागे लागली, तर आबांचे उत्तर ठरलेले, "दुसऱ्या तुकड्यावर टोळी यायची हाय. एवढा ऊस जाऊ दे, मग बघू."

ऊस गेला तोवर बोट काळे पडले होते. आबांना रात्री आडवे झोपवत नव्हते. पाय बाजेखाली लोंबता सोडून बसले तरच थोडा आराम पडे. शेवटी मुलाने ऐकले नाही, गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी जखमेकडे पाहिलेच नाही. पावलाच्या वरच्या बाजूला तीन बोटे टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग विचारले, "आबा, चालताना पोटरी कधीपासून दुखते?"

"झाली की दोन वर्सं."

"म्हणजे हा पाय दोन वर्षं तुम्हाला सांगत होता."

आबांची दोन बोटे काढावी लागली. पाय मात्र वाचला. तो कसा वाचला आणि बोटेही कशी वाचली असती, हे आता क्रमाने पाहू.

टेलचे पाणी

पाटाच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्याला हा आजार समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. मुखाजवळच्या शेतकऱ्याला पाणी भरपूर मिळते आणि टेलच्या शेतकऱ्याची ओरड असते. पाटात गाळ साचला, तण माजले, तर पहिला फटका टेललाच बसतो. शरीराचेही तसेच आहे. हृदय हा पंप. त्यातून निघालेली मोठी धमनी पोटात बेंबीच्या पातळीला दोन फाट्यांत विभागते. एक फाटा उजव्या पायाला, एक डाव्याला. तिथून मांडी, गुडघ्याची मागची बाजू, पोटरी आणि शेवटी पाऊल. पावलाची बोटे म्हणजे अगदी टेल.

या धमन्यांच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षे चरबी आणि चुन्याचा थर बसत जातो. ठिबकच्या नळीत क्षार बसतात तसाच. विडी-तंबाखू, साखरेचा आजार, वाढलेला रक्तदाब, रक्तातली वाढलेली चरबी आणि वय, ही त्याची मुख्य कारणे. नळी निम्मी बुजली तरी माणसाला बसल्या जागी काही कळत नाही, कारण स्वस्थ बसलेल्या स्नायूला रक्त थोडेच लागते. चालू लागला की पोटरीच्या स्नायूची मागणी कितीतरी पटीने वाढते. अरुंद नळीतून तेवढे रक्त येत नाही, प्राणवायू कमी पडतो आणि पोटरी आवळून येते. उभे राहिले की मागणी घटते, दोन-पाच मिनिटांत दुखणे थांबते. पुन्हा चालले की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा दुखते. आबांचा कडुलिंब आणि कॅंटीनचा कठडा म्हणजे त्यांच्या धमनीने घालून दिलेले मैलाचे दगड होते.

दुखणे कोणते, ओळखावे कसे?

पाय दुखण्याची कारणे अनेक असतात. प्रत्येक दुखणे रक्ताभिसरणाचे नसते, म्हणून फरक ध्यानात ठेवावा.

धमनी बुजल्याचे दुखणे स्नायूत असते. बहुधा पोटरीत, कधी मांडीत किंवा कुल्ल्यात. ते ठराविक अंतर चालल्यावर येते आणि नुसते उभे राहिल्यावर थांबते. बसावे लागत नाही.

मणक्यात नस दबली असेल तर चालताना पाय जड होतात, मुंग्या येतात. पण तिथे नुसते उभे राहून भागत नाही. खाली बसले किंवा पुढे वाकले तरच बरे वाटते. असा माणूस सायकलच्या हँडलवर ओणवा होऊन सायकल ढकलत बराच लांब जाऊ शकतो.

गुडघा झिजलेला असेल तर दुखणे सांध्यात असते. पहिल्या पावलाला, जिना उतरताना, मांडी घालून उठताना कळ येते.

पायाच्या शिरा फुगल्या असतील तर दिवसभर उभे राहिल्यावर पाय जड होतात, संध्याकाळी घोटे सुजतात आणि उशीवर पाय वर घेतले की आराम पडतो. इथे रक्त पायापर्यंत नीट पोहोचलेले असते, परत वर चढताना अडते. धमनीच्या आजारात उलटे असते. पाय वर घेतला की दुखणे वाढते आणि खाली सोडला की कमी होते.

हा शेवटचा फरक अतिशय महत्त्वाचा आहे. फुगलेल्या शिरांसाठी जे घट्ट रबरी मोजे देतात, ते धमनी बुजलेल्या पायात घातले तर आधीच कमी असलेले रक्त आणखी दाबले जाते. शेजाऱ्याला बरे वाटले म्हणून त्याच्यासारखे मोजे आणून घालू नयेत. आधी धमनी तपासून घ्यावी.

आजार वाढला की रात्री, आडवे झाल्यावर बोटांत आणि पावलात कळा येतात. पाऊल गार लागते, पोटरीवरचे केस झडतात, कातडी चकचकीत होते, नखे जाड होतात आणि लहानशी जखमही भरून येत नाही. या पायरीला आलेला पाय धोक्यात आहे असे समजावे.

तीन बोटांची तपासणी

हाताची नाडी पाहणे सर्वांना ठाऊक असते. पायालाही नाडी असते, हे फार थोड्यांना माहीत असते. आज रात्री जेवण झाल्यावर करून पाहावे. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामधून घोट्याकडे सरळ वर यावे. साधारण मध्यावर तीन बोटे हलकी टेकवावीत. ठोके लागतात. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडामागे, हाड आणि टाच यांच्यामध्ये. बोटे जोराने दाबू नयेत, दाबल्याने नाडी बंद होते.

दोन्ही पाय ताडून पाहावेत. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी जन्मतः लागत नाही, म्हणून ती एकटी लागली नाही तर घाबरू नये. पण घोट्यामागचीही लागत नसेल, किंवा एका पायाला लागते आणि दुसऱ्याला नाही असे असेल, आणि त्यात चालताना पोटरी दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. उलट, नाडी लागली म्हणजे सगळे ठीक आहे असेही समजू नये. लक्षणे असतील तर तपासणी करावी.

डॉक्टर आणखी एक साधी गोष्ट करतात. रुग्णाला उताणे झोपवून पाय वर उचलून धरतात. रक्त कमी असलेला पाय मिनिटभरात पांढराफटक पडतो. मग बसवून पाय लोंबता सोडायला सांगतात, तेव्हा तोच पाय हळूहळू तांबडालाल होतो. ही लाली पाहून घरचे म्हणतात, रक्त तर चांगले आहे! ती लाली चांगली नव्हे, उपाशी पायाची आहे.

घोट्याचा रक्तदाब

रोगाचे पक्के निदान करणारी पहिली तपासणी अगदी स्वस्त आणि बिनदुखणीची आहे. सुई नाही, रक्त काढणे नाही. दंडाला बांधतात तोच रक्तदाबाचा पट्टा घोट्याच्या वर बांधतात आणि डॉप्लर नावाच्या, खिशातल्या रेडिओएवढ्या यंत्राने नाडीचा आवाज ऐकतात. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, एवढाच हिशेब. वरचा आकडा तेवढा घ्यायचा.

निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाएवढा किंवा थोडा जास्तच असतो. म्हणजे उत्तर १ ते १.४ च्या दरम्यान येते. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर धमनी अरुंद झाली आहे. ०.४ च्या खाली गेले तर आजार गंभीर आहे. आबांच्या दंडाचा दाब १५० होता आणि घोट्याचा ६०. मुखाशी दीडशे आणि टेलला साठ! भागाकार ०.४. दोन वर्षांपूर्वी हीच तपासणी झाली असती तर आकडा खात्रीने इतका खाली नसता.

इथे एक अपवाद आहे. पुष्कळ वर्षे साखरेचा आजार असलेल्यांच्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या धमन्या चुन्याने इतक्या कडक होतात, की पट्ट्याने दबतच नाहीत. मग उत्तर १.४ च्याही वर येते. ते चांगले लक्षण नव्हे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

अडथळा नेमका कुठे आणि किती आहे हे सोनोग्राफीसारख्या रंगीत डॉप्लरने कळते. शस्त्रक्रिया किंवा फुगा टाकायचे ठरले तर शिरेत औषध सोडून सी.टी. अँजिओग्राफी करतात. त्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असेल आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे.

विडी, तंबाखू आणि मिश्री

आबा चाळीस वर्षे विडी ओढत होते. रात्रीच्या लाईटीवर दारे धरायला गेले की एक बंडल सकाळपर्यंत पुरत नसे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "विडी आणि पाय, दोन्ही राहणार नाहीत. एक कुठलं तरी ठेवा."

वयस्कर माणसांच्या धमन्या बुजवण्यात तंबाखूचा वाटा मोठा आहेच. पण तिचा एक वेगळा आजार तरण्याताठ्या माणसांनाही होतो. १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. लिओ बर्गर यांनी कापून काढलेल्या अकरा पायांच्या रक्तवाहिन्या बारकाईने तपासून या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. यात हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्या सुजून त्यांत गुठळ्या होतात. रोगी बहुधा पंचेचाळीस-पन्नाशीच्या आतला आणि जवळजवळ नेहमीच तंबाखू घेणारा असतो. आपल्या देशात विडी ओढणाऱ्यांत हा आजार पुष्कळ आढळतो. तिशीतल्या माणसाला पावलाच्या कमानीत चालताना कळ येत असेल, बोटाच्या टोकाला जखम होऊन चिघळत असेल आणि तो विडी ओढत असेल, तर "या वयात कशाला?" असे म्हणून दुर्लक्ष करू नये.

या आजारावर तंबाखू कायमची सोडणे हाच खरा उपाय आहे. जे पूर्णपणे सोडतात त्यांचा पाय कापण्याची वेळ क्वचितच येते. जे चालू ठेवतात त्यांचे आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, असे तुकड्या-तुकड्याने जात राहते. दिवसाला एक-दोन विड्यांवर आणली, एवढ्याने भागत नाही.

आणि हे फक्त विडीपुरते नाही. चुना लावून खाल्लेली तंबाखू आणि आपल्या माताभगिनी दात घासायला वापरतात ती मिश्रीही तंबाखूच आहे. तीही रक्तात उतरते. "आम्ही कुठं ओढतो? नुसतं दाताला लावतो," असे म्हणणाऱ्या मावशींनी याचा विचार करावा. २०१२ साली आपल्या राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण विडी आणि साधी तंबाखू कोपऱ्यावरच्या टपरीत मिळतेच. सोडायची तर ती आपणच सोडायची आहे. एकट्याने जमत नसेल तर सरकारच्या १८००-११-२३५६ या विनामूल्य दूरध्वनीवर सल्ला मिळतो.

साखरेचा आजार आणि मुका पाय

साखर पिकवून आपण प्रपंच उभा केला. तीच साखर रक्तात वाढली तर पायाचे दुहेरी नुकसान करते. एक तर धमन्या बुजतात. दुसरे म्हणजे पायाच्या नसा बधिर होतात. आबांच्या पायाने दोन वर्षे निदान ओरड तरी केली. मधुमेह्याचा पाय मुका असतो. काटा रुतला, चप्पल पायातून निसटली, बुटात खडा गेला, तरी कळत नाही. धमनी बुजूनही चालताना कळ येत नाही आणि पहिले लक्षण दिसते ते थेट काळे पडलेले बोट.

म्हणून साखरेचा आजार असलेल्यांनी दुखण्याची वाट पाहू नये. वर्षातून निदान एकदा दोन्ही पाय डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. एका बारीक नायलॉनच्या तंतूने पावलाची जाणीव पाहतात, नाडी पाहतात, पाच मिनिटांचे काम असते. ज्यांना साखर आहे की नाही हेच माहीत नाही, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासावी. तिशीनंतरच्या प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी अशी सरकारचीच योजना आहे.

उपचार: आधी चालणे, मग औषध, मग शस्त्र

पुष्कळांना वाटते, रक्त कमी पडते म्हणजे पायाला विश्रांती हवी. नेमके उलटे आहे. नुसती चालताना पोटरी दुखत असेल, जखम नसेल आणि रात्रीच्या कळा नसतील, तर चालणे हेच पहिले औषध. पद्धत अशी: सपाट रस्त्यावर पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालावे. मग थांबावे. दुखणे पूर्ण गेले की पुन्हा निघावे. असे थांबत-चालत अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन वेळा, किमान तीन महिने. या व्यायामाने स्नायू थोड्या रक्तात जास्त काम करायला शिकतो आणि आडवाटेच्या बारीक रक्तवाहिन्याही मदतीला येतात. मुख्य पाट बुजला तर शेतकरी चाऱ्या उकरून पाणी काढतो, तसेच काहीसे. नेटाने करणाऱ्यांचे न थांबता चालण्याचे अंतर पुष्कळ वाढते. मात्र हृदयविकार असेल तर आधी विचारावे, आणि जखम असेल तर चालणे सुरू करू नये.

दुसरे, औषधे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, धमनीतला थर वाढू नये म्हणून स्टॅटिन, आणि रक्तदाबाची व साखरेची औषधे. चालण्याचे अंतर वाढावे म्हणून काहींना सिलोस्टॅझॉल देतात, पण हृदय कमजोर असलेल्यांना ते चालत नाही. यातली बरीचशी औषधे जन्मभर घ्यायची असतात. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद करणारे सभासद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ध्यानात ठेवावे, की जो थर पायाच्या धमनीत बसतो तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही बसत असतो. पायाच्या या आजाराचे रोगी बहुतेक वेळा पायाने दगावत नाहीत, हृदयविकाराने किंवा अर्धांगाने दगावतात. म्हणून या गोळ्या पायाबरोबर जीवही वाचवतात.

तिसरे, धमनी मोकळी करणे. जखम भरत नसेल, रात्रीच्या कळा असतील, किंवा चालणे-औषधे करूनही रोजचे काम अडत असेल, तर हा विचार करतात. याची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. १९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची बोटे काळी पडली होती. पाय कापायला त्यांनी साफ नकार दिला. तेव्हा डॉ. चार्ल्स डॉटर यांनी मांडीच्या धमनीतून एक बारीक तार आणि तीवरून नळ्या सरकवून अडथळा रुंद केला. पायात ऊब आली, जखम भरली, पाय वाचला. पुढे १९७४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवला. आज हृदयाची अँजिओप्लास्टी सर्वांना ठाऊक आहे; पण तिचा जन्म पायात झाला, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

अडथळा फार लांब असेल तर बायपास करतात. रोग्याच्याच पायातली शीर काढून अडथळ्याच्या वरून खाली जोडतात. पॅरिसच्या डॉ. ज्याँ कुनलँ यांनी १९४८ साली ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी केली. आबांच्या पायात फुग्यानेच काम झाले. रक्त पावलापर्यंत पोहोचल्यावर मगच मेलेली बोटे काढली, म्हणून जखम भरली. रक्त न आणता नुसते बोट कापले असते तर तीही जखम चिघळली असती आणि काप वर सरकत गेला असता. म्हणून कोणी बोट किंवा पाय काढायला सांगितले तर नम्रपणे जरूर विचारावे, "साहेब, रक्तवाहिनी तपासली का? आधी रक्त आणता येईल का?"

खर्चाची धास्ती सर्वांनाच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आपला उपचार योजनेत बसतो का, याची चौकशी भरती होण्याआधी त्यांच्याकडे करावी.

फडात राबणाऱ्या पायांची निगा

१. उसाच्या फडात, खोडव्यात अनवाणी जाऊ नये. बुडख्याचे टोक कोयत्याने तासल्यासारखे धारदार असते. साखरेचा आजार असलेल्यांनी अंगठ्याच्या चपलेऐवजी पाऊल झाकणारी, सैल पण न निसटणारी पादत्राणे वापरावीत.

२. दारे धरून घरी आल्यावर पाय धुवून, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे पुसावेत. तेल पावलाला लावावे, बेचक्यांत लावू नये. गमबूट घालण्याआधी आत हात घालून खडा-काटा पाहावा.

३. रोज रात्री पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर आरशात पाहावा किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावा. यात नातवंडांची मदत होते, त्यांची नजर चांगली असते.

४. कुरूप ब्लेडने कापू नये. भेगांवर, जखमेवर बिब्बा लावू नये, डाग देऊ नये. रक्त कमी असलेल्या कातडीला बिब्ब्याने फोड येतो आणि तो भरत नाही.

५. गार पडलेल्या पायाला विटेचा, शेगडीचा किंवा गरम पाण्याचा शेक देऊ नये. बधिर पाय भाजल्याचे कळत नाही. उबेसाठी सैल सुती किंवा लोकरी मोजे घालावेत.

६. जखम आठ दिवसांत भरण्याच्या मार्गाला लागली नाही तर दवाखाना गाठावा. साखरेचा आजार असेल तर आठ दिवसही थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.

आणि एक गोष्ट सर्वांत तातडीची. पाय एकाएकी गार पडला, पांढरा झाला, भयंकर कळ येऊन मग बधिर पडला, बोटे हलेनाशी झाली, तर धमनीत गुठळी अडकली आहे असे समजावे. छातीत धडधड होऊन नाडी अनियमित चालणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. इथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. सहा तासांच्या आत रक्त सुरू झाले तर पाय वाचण्याची आशा चांगली असते. चोळत बसू नये, शेकू नये. जी गाडी मिळेल ती करून रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात न्यावे.

ऊस जाऊ दे, मग बघू

आबा आता बरे आहेत. विडी सुटली. सुरुवातीला चिडचिड फार झाली, खिशात शेंगदाणे ठेवून वेळ भागवली. रोज सकाळी घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत चालतात. पहिल्या महिन्यात तीनदा थांबायचे, आता एकदाही थांबत नाहीत. परवा कार्यस्थळावर आले, तर कडुलिंबाखालून न थांबता पुढे गेले. आम्हीच हाक मारून थांबवले.

म्हणाले, "लिवा म्हणं तुमच्या अंकात. नाव नका टाकू. पर एवढं लिवा, की ऊस दोन दिस मागं-पुढं ग्येला तर वजन घटतंय, पाय घटत न्हाई. मी उलटं क्येलं."

तोडीची तारीख चुकली तर आपण चिटबॉयपासून चेअरमनसाहेबांपर्यंत सर्वांना जाब विचारतो. पायाने दिलेली तारीख मात्र निमूटपणे पुढे ढकलतो. आपल्या घरात, भावकीत, वस्तीवर कोणी चालता चालता ठराविक जागी थांबत असेल, तर त्याला तेल चोळायला सांगू नका. त्याच्या पावलावर तीन बोटे टेकवून पाहा, आणि दवाखान्यात घेऊन जा. हंगाम संपण्याची वाट पाहू नका, ही सर्व सभासद बंधू-भगिनींना नम्र विनंती.